बाईकला जादा लाइट लावायच्या आधी मागचा बल्ब बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाइन १२५ आहे, तासवडे एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, रात्री साडेअकराच्या सुमाराला सुटून हायवेनं नागठाण्याला घरी, आणि दोन महिन्यांत दोनदा सर्व्हिस रोडवरनं टेम्पो आडवा आला. दोन्ही वेळेला ड्रायव्हर म्हणाला, "दिसलाच नाय ओ तुम्ही." म्हणून आता पुढं चाळीस-चाळीस वॅटचे दोन फॉग लाइट आणि मागं नंबरप्लेटखाली लाल-निळी फ्लॅश होणारी पट्टी टाकायचा विचार आहे, आणि विचारताय की फरक पडेल का, बॅटरी तग धरेल का, पोलीस धरतील का. मी साताऱ्यात टू-व्हीलरच्या वायरिंगचंच काम करतो, त्याला २३ वर्षं झाली, आणि तुमच्यासारखा प्रश्न घेऊन महिन्याला चार-पाच जण तरी येतात, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे रस्ता आपल्याला दिसणं वेगळं आणि आपण दुसऱ्याला दिसणं वेगळं. ही दोन कामं आहेत आणि दोन्हीला लागणारे दिवे वेगळे. फॉग लाइट, ऑक्झिलरी, प्रोजेक्टर वगैरे सगळं पहिल्या कामाचं. तुमची तक्रार दुसऱ्या कामाची आहे. आणि त्यातही "दिसला नाही" याचे दोन अर्थ निघतात. एक म्हणजे खरंच दिसला नाही, आणि दुसरा म्हणजे दिसला, पण किती लांब आहे आणि किती जोरात येतोय ते कळलं नाही. माझ्या अनुभवात रात्रीच्या हायवेवर हा दुसराच प्रकार जास्त असतो, फक्त ड्रायव्हरला तो फरक सांगता येत नाही म्हणून तो सरळ "दिसला नाही" म्हणून मोकळा होतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. २०११ साली माझ्याकडे पल्सर होती, आणि स्वतःच इलेक्ट्रिशियन म्हटल्यावर हौस दांडगी, हेडलाइटच्या दोन्ही बाजूला अगदी चिकटून, हँडलच्या खाली, ३५ वॅटचे दोन हॅलोजन लावले होते. रिले (म्हणजे लाइटचा मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच), फ्यूज, सगळं नीट. रस्ता असा उजळायचा की बास. उंब्रजवरनं रात्री परत येताना एक जीप डाव्या बाजूच्या रस्त्यावरनं आरामात वर आली आणि समोर आडवी झाली. मी ब्रेक मारला, गाडी घसरली, डाव्या खांद्याचं हाड गेलं. तो माणूस चांगला होता, त्यानंच दवाखान्यात नेलं, आणि वाटेत जे बोलला ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. म्हणाला, "दोन लाइट दिसले ओ मला, पण एकदम जवळ जवळ दिसले, म्हटलं लांब कुठंतरी फोरव्हीलर येतीय, तोवर निघतो आपण." म्हणजे मी दिसलो होतो. चांगला ठळक दिसलो होतो. फक्त बाईक म्हणून दिसलो नव्हतो.

आता याचं गणित बघा. अंधारात समोरच्याला गाडी दिसत नाही, दिवे दिसतात, आणि दोन दिव्यांमधल्या अंतरावरनं त्याचा मेंदू गाडी किती लांब आहे ते ठरवतो, ते त्याला कळतही नाही. कारच्या दोन हेडलाइटमध्ये साधारण १.२ मीटर अंतर असतं. माझ्या दोन हॅलोजनमध्ये होतं ३० सेंटिमीटर, म्हणजे एक चतुर्थांश. म्हणजे मी ५० मीटरवर असताना त्याला २०० मीटरवरची कार वाटणार. ताशी ६० च्या स्पीडला २०० मीटर यायला १२ सेकंद लागतात, ५० मीटरला फक्त ३. त्यानं १२ सेकंदांच्या हिशोबानं गाडी वर घेतली आणि माझ्याकडे ३ होते. एवढीच गोष्ट आहे. यात लाइट अजून ब्राइट असते तर काय झालं असतं? काही नाही, लांबची जास्त ब्राइट कार वाटली असती.

आणि नुसता एकच हेडलाइट असेल तर वेगळी गंमत. एकटा ठिपका अंधारात जवळ येताना मोठा होत जातोय हे डोळ्याला कळतच नाही, अगदी जवळ आल्यावर एकदम कळतं. म्हणून त्यावर उपाय असा की दिव्यांचा त्रिकोण करायचा. वर मधे हेडलाइट, आणि खाली जितके बाहेर नेता येतील तितके दोन छोटे दिवे, लेगगार्डच्या टोकाला. गाडी जवळ येते तसा हा त्रिकोण पसरत जातो, आणि ते पसरणं समोरच्याला दिसतं, त्यावरनं त्याला स्पीड कळतो. शिवाय त्रिकोण दिसला की कारशी गोंधळ होत नाही. यावर परदेशात चांगला अभ्यास झालेला आहे, पण मला पटलं ते आमच्या गॅरेजमागच्या रस्त्यावर पोराला बाईक घेऊन पाठवून स्वतः उभं राहून बघितल्यावर. एका हेडलाइटवर पोरगं येताना मी तीनदा अंदाज बांधला आणि तिन्हीदा चुकलो. दिवे लावून पाठवलं तर वीजेच्या कुठल्या खांबाशी आला ते बरोबर सांगता आलं.

आपल्याकडं १ एप्रिल २०१७ पासून नवीन टू-व्हीलरचा हेडलाइट कायम चालू असतो, त्याचं बटणच काढून टाकलंय, तेव्हा लोक लय चेष्टा करायचे, "भाऊ लाइट चालू राहिली" म्हणून हात फिरवून खुणा करायचे. पण त्यामागं कारण आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या माणसानं लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ९०० बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले, १९८१ ला रिपोर्ट आला, त्यात दुसऱ्या गाडीशी झालेल्या अपघातांत साधारण तीनात दोन वेळा चूक दुसऱ्या गाडीवाल्याची, त्यानं बाईकला वाट दिली नव्हती, आणि मुख्य कारण हेच की बाईक त्याच्या ध्यानातच आली नाही. नंतर न्यूझीलंडला ऑकलंडमध्ये असाच अभ्यास झाला, तो २००४ ला छापून आला, त्यात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांना जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी निघाला, दिवसा हेडलाइट चालू ठेवणाऱ्यांना २७ टक्के कमी, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी. हे आकडे नीट बघा, सगळ्यात मोठा आकडा कपड्यांचा आहे, दिव्यांचा नाही. माझं दुकान दिव्यांवर चालतं तरी सांगतोय.

आपल्या देशाचं म्हणाल तर २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली, त्यातली जवळपास ७५ हजार टू-व्हीलरवरची. सरकारचाच आकडा आहे. त्यामुळं तुमची काळजी फालतू नाही.

पण खर्च कुठनं सुरू करायचा तर मागनं. सगळे पुढच्या लाइटवर पैसे घालतात कारण ते आपल्याला बसल्या जागी दिसतात, फोटोत दिसतात. मागं काय चाललंय ते कुणी बघत नाही. माझ्याकडं फॉग लाइट बसवायला येणाऱ्या गाड्यांमधल्या किती तरी गाड्यांचा टेल लाइट बंद असतो, आणि मालकाला पत्ता नसतो. त्याचं कारण मजेशीर आहे. बऱ्याच कम्यूटर गाड्यांना मागं दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो, २१/५ वॅटचा. ५ वॅटचं फिलामेंट टेलसाठी, ते सारखं जळतं, २१ वॅटचं ब्रेकसाठी. खड्ड्यांनी आधी ते ५ वालं तुटतं. मग तुम्ही ब्रेक दाबून बघता, मागं लाल पेटतं, म्हणता ओके आहे. ओके नाही ना. ब्रेक दाबला तरच तुम्ही आहात, नाहीतर मागून काळोख. आणि आपल्या पट्ट्यात हे किती डेंजर आहे ते तुम्हाला सांगायला नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आपण त्यांना शिव्या घालतो आणि आपण स्वतः तसेच चाललेलो असतो. आज रात्री घरी गेल्यावर गाडी चालू ठेवून, ब्रेक न दाबता, मागं जाऊन बघा. बल्ब २०-३० रुपयांचा आहे.

तो बल्ब काढताना त्याच्या बाजूच्या दोन पिना बघा, एक वर एक खाली अशा असतात, म्हणजे तो एकाच बाजूनं बसतो. काही जण जोर लावून उलटा बसवतात, मग टेल ब्रेकसारखा भगभगीत आणि ब्रेक दाबला की मिणमिणता. अशी गाडी मी स्वतः हातात घेतलीय, मालक म्हणत होता मागचे लोक सारखे हॉर्न मारतात. एलईडी बल्ब टाकायचा असेल तर लाल काचेमागं लालच एलईडी टाका, पांढरा टाकला तर काचेतनं फिकट गुलाबी पडतं आणि टेल आणि ब्रेकमधला फरकच कळत नाही. इंडिकेटरलाही तसंच, पिवळ्या काचेमागं पिवळा. आणि इंडिकेटर एलईडी केलेत तर जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) ते टकटकटक असे पळत सुटतात, कारण लोड कमी पडतो, त्याला एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकायचा.

ब्रेक स्विच हा आणखी एक दुर्लक्षित आयटम. पायाच्या ब्रेकला स्प्रिंगचा स्विच असतो, त्याचा नट फिरवून असा सेट करा की पेडलवर नुसता पाय टेकला, ब्रेक लागायच्या आधीच, लाइट पेटली पाहिजे. बऱ्याच गाड्यांची ती अर्धं पेडल दाबल्यावर पेटते. आणि हाताच्या ब्रेकचा छोटा स्विच पावसात मरतो, तो वेगळा चेक करा. या सगळ्याला खर्च शून्य. मागच्याला तुम्ही थांबताय हे अर्धा सेकंद आधी कळलं तर ताशी ६० च्या स्पीडला तो आठेक मीटर आधी ब्रेक मारतो.

आता तुमची ती लाल-निळी पट्टी. ती टाकू नका. पोलीस धरतील का विचारलंत, तर हो, यालाच आधी धरतील, आणि बरोबर धरतील. मोटर वाहन नियमांत पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही, मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा चालत नाही, त्यात इंडिकेटर आणि नंबरप्लेटचा पांढरा दिवा तेवढा अपवाद, आणि निळा फ्लॅशर इमर्जन्सीच्या गाड्यांचा. अहो १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा दिवा गेला, आपण कोण लागून गेलो. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ती आवडत नाही त्याचं कारण वेगळं आहे. सारखा लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं, पण तो किती लांब आहे ते ठरवणं उलट अवघड होतं, कारण तो अर्धा वेळ नसतोच. शिवाय त्या लखलखाटात तुमचा इंडिकेटर आणि ब्रेक दोन्ही हरवतात. मागच्याला काहीतरी चमकतंय एवढंच कळणार, तुम्ही थांबताय का वळताय ते नाही. पावसात चारी इंडिकेटर चालू ठेवून खंबाटकी चढणारे लोक असतात ना, त्यांचंही हेच, एकदा चारही चालू केले की वळायची खूण करायला उरतं काय?

मग पुढं काय लावायचं. लेगगार्डच्या दोन टोकांना ३ ते ५ वॅटचे दोन छोटे एलईडी, पिवळे म्हणजे अँबर, कायम चालू राहणारे, फ्लॅश न होणारे. एवढंच. लेगगार्डवर लावले की दोघांत साधारण ६० सेंटिमीटर तरी अंतर मिळतं, आणि हेडलाइटपासून खाली असल्यानं त्रिकोण होतो. पिवळेच का, तर आता रस्त्यावर सगळ्यांचेच हेडलाइट पांढरे आणि चालू, त्या गर्दीत वेगळा रंग पटकन डोळ्यात भरतो, आणि ५ वॅटचा पिवळा दिवा कुणाच्या डोळ्यात घुसत नाही, त्यामुळं दिवसा, रात्री, सिटीत, कुठंही बंद करायची गरज पडत नाही. एक काळजी घ्या, इंडिकेटरच्या शेजारी लावू नका, नाहीतर पिवळ्यात पिवळा मिसळून इंडिकेटर दिसणार नाही. खाली लेगगार्डवर लावले की तो प्रश्नच येत नाही.

याला माझ्याकडं सामान आणि मजुरी धरून सात-आठशे रुपये होतात. चाळीस वॅटच्या जोडीला अडीच-तीन हजार. गिऱ्हाईकाला हे सांगितलं की तो संशयानं बघतो, एवढे छोटे दिवे काय कामाचे म्हणून. जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं हे डोक्यातनं जातच नाही. तर एक किस्सा सांगतो, दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या आसपास, अमेरिकन नौदलानं विमानाच्या पुढच्या कडेला ओळीनं दिवे लावून बघितले होते, आणि ते विमान दिसावं म्हणून नाही, दिसू नये म्हणून! उजळ आकाशाच्या पुढं काळं विमान उठून दिसतं, दिवे लावले की ते आकाशात मिसळून जातं. तसंच भर दुपारी भगभगीत पांढऱ्या जादा लाइटमागं बाईक आणि माणूस यांचा आकारच पुसला जाऊ शकतो.

वायरिंगचं आता जरा नीट ऐका, कारण माझ्याकडं येणारे निम्मे घोटाळे दुसऱ्याच्या जोडकामाचे असतात. गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, तिचा हेडलाइटचा डबा उघडला तर आत काळ्या टेपचा गोळा, त्यातनं तांब्याच्या वायरी हिरव्या पडलेल्या, आणि फॉग लाइटची प्लस वायर सरळ हेडलाइटच्या वायरीला पिळून जोडलेली, ना फ्यूज ना रिले. ती वायर हँडलच्या मानेपाशी घासून घासून उघडी पडली होती, हँडल उजवीकडं फुल वळवलं की चेसीला टेकायची आणि ठिणगी. मालक म्हणत होता वळताना गाडी बंद पडते. पेट्रोलची टाकी तिथनं एक वीत लांब असते भाऊ.

छोटे ५ वॅटचे दिवे असतील तर त्यांना रिले लागत नाही, दोघांचे मिळून १० वॅट म्हणजे एक अँपियरपण नाही, टेल लाइटच्या किंवा पार्किंगच्या वायरीवरनं, मधे २ अँपियरचा फ्यूज टाकून घेतलं तरी चालतं, चावी बंद केली की तेही बंद. मोठे लावणार असाल तर रिले पाहिजेच. रिलेच्या पायांवर नंबर असतात, ३० ला बॅटरीची प्लस, आणि बॅटरीपासनं वीतभर अंतराच्या आतच फ्यूज, ८७ वरनं लाइट, ८५ ला अर्थ म्हणजे मायनस, ८६ ला चावीनंतरची प्लस स्विचमधनं. चाळीस-चाळीस म्हणजे ८० वॅट, भागिले १२, पावणेसात अँपियर झाले, त्याला १० चा फ्यूज आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर. अर्थ चेसीच्या रंगावर टेकवू नका, सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक, काळी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. हँडलच्या मानेपाशी वायर सैल सोडा आणि वरनं स्लीव्ह घाला, मग हँडल दोन्ही बाजूला फुल फिरवून बघा, वायर ताणली गेली तर परत करा. आणि कंपनीचं वायरिंग कापायचं नाही, गाडी वॉरंटीत असेल तर अजिबातच नाही, कपलरमधनं (वायर न कापता जोडायचा-काढायचा प्लग) लावायच्या तयार वायरी, म्हणजे हार्नेस, मिळतात.

जुनी गाडी असलेल्यांसाठी एक, २०१७ च्या आधीच्या बऱ्याच शंभर-सव्वाशेच्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट इंजिनच्या कॉइलवरनं एसीवर (म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या करंटवर) असतो, म्हणूनच एक्सलेटर सोडला की तो मंद होतो. त्या वायरीवर एलईडी जोडलात तर लुकलुकणार आणि लवकर मरणार. बॅटरीवरनंच घ्या.

बॅटरी तग धरेल का? तुमच्या गाडीला चारेक एएचची (अँपियर-तासाची) बॅटरी आहे, म्हणजे इंजिन बंद ठेवून ८० वॅट चालवले तर हिशोबानं अर्ध्या तासाच्या वर थोडं, आणि खरं तर त्याच्या आतच सेल्फ मारायला जीव उरत नाही. इंजिन चालू असताना काय होतं ते अंदाजानं ठरवू नका, बॅटरीला व्होल्टचा मीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. मग चालू करून सगळे दिवे लावा, हायवेला असतो तेवढा एक्सलेटर द्या, १३.५ च्या वर राहिलं तर ठीक, १३ च्या खाली गेलं तर तुम्ही बॅटरी खाताय. ८० वॅट टाकले तर सव्वाशेच्या गाडीत, विशेषतः ट्रॅफिकमध्ये आयडलला, हे होणारच असं समजा. १० वॅट टाकले तर मीटरचा काटा हलत पण नाही.

तरीपण तुम्हाला हायवेला रस्ता दिसायला कमी पडतोय, म्हणून मोठे हवेच असतील, तर आधी आहे तो हेडलाइट बघा. काच आतनं धुरकट झालीय का, रिफ्लेक्टर काळा पडलाय का, मागं माणूस बसल्यावर बीम वर जातो का, शॉकअप किती नंबरवर आहे. त्यात साधा चांगल्या कंपनीचा ३५/३५ वॅटचाच बल्ब टाका. हॅलोजनच्या डब्यात बाजारातला एलईडी बल्ब टाकला की उजेड वाटतो भरपूर, पण तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. ९०-१०० वॅटचा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो, तो वासही मला आता लांबनं ओळखू येतो.

आणि त्यानंतर मोठे लावलेच तर एकूण ३०-४० वॅटची जोडी बास, वेगळा स्विच, हेडलाइटच्या खाली, आणि सेटिंग असं करा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, तुम्ही स्वतः बसा, स्टँडवर नको, भिंतीवर लाइटच्या मध्याच्या उंचीला खडूनं रेघ मारा, आणि उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर तरी खाली आली पाहिजे. ज्या लाइटला वरची कडच नाही, नुसता गोळा पडतो, तो घेऊच नका. नियमात असं आहे की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे समोरनं बाईकवरनं येणाऱ्याच्या डोळ्याची उंची झाली. ज्याचे डोळे दिपतात तो सरळच जाईल याचा भरवसा नाही, आणि समोर तुम्हीच असता. सिटीत आणि समोरनं गाडी आली की बंद. धुक्यात, आंबोलीला, ताम्हिणीला, महाबळेश्वरच्या वाटेवर, खाली वाकवलेले पिवळे उपयोगाचे, वर केलेले पांढरे म्हणजे समोर दुधाची भिंत.

कायद्याचं सरळ सांगतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलंय. जादा दिवा त्यात कुठं बसतो यावर रस्त्यावर वाद घालून काही मिळत नाही. माझ्या बघण्यात पोलीस अडवतात ते डोळ्यात मारणाऱ्या मोठ्या लाइटला आणि रंगीत फ्लॅशरला. लेगगार्डवरच्या छोट्या पिवळ्या दिव्यांवरनं माझ्या गिऱ्हाईकाला दंड झाला असं अजून ऐकलेलं नाही, पण अडवलं तर वायर काढून देण्याची तयारी ठेवा, म्हणून कपलर टाका म्हणतो.

आता कपडे आणि टेप, जे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणं. यात एक गोंधळ असतो, फ्लोरोसंट म्हणजे तो पोपटी-नारिंगी भडक रंग, तो दिवसा आणि संध्याकाळी काम करतो, रात्री तो एक साधा कपडाच. रिफ्लेक्टिव्ह म्हणजे चंदेरी पट्टी, ती अंधारात कुणाचा तरी हेडलाइट पडला तरच चमकते, दिवसा तिचा उपयोग नाही. तुम्ही दुपारी जाणार, रात्री येणार, तुम्हाला दोन्ही पाहिजे. आणि जॅकेटवर कितीही पट्ट्या असू द्या, वरनं काळी सॅक लावली की सगळ्या झाकल्या. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक कामगाराचं हेच होतं. म्हणून पट्टी सॅकला लावा, हेल्मेटच्या मागं लावा. पावसाळ्यात आपल्याकडं सगळे काळे किंवा नेव्ही ब्लू रेनकोट घेतात, मळत नाही म्हणून, त्याच किमतीत पिवळा मिळतो. टेप गाडीला मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, ट्रकला असते तशीच. बाजूला विसरू नका, टेम्पो तुम्हाला बाजूनंच गाठतो. चाकाच्या रिमला पिवळ्या टेपचे तुकडे लावले की चाक फिरताना ते गोल फिरताना दिसतात, आणि फिरणारं चाक बघून समोरच्याला क्षणात कळतं की ही बाईक आहे आणि चालू आहे. दीडशे रुपयांच्या टेपमध्ये हे सगळं होतं. आठवड्यातनं एकदा ओल्या फडक्यानं पुसा, चिखलाखाली ती मेलेली असते. दुधाची कॅन लावणाऱ्यांनी टेप कॅनवर लावा, टेल लाइट कॅनमागं गेलेला असतो.

तुमच्या त्या दोन टेम्पोंच्या जागी एक करून बघा. सर्व्हिस रोड जिथं वर येतो तिथं अतीतच्या किंवा काशीळच्या अलीकडं, मोकळा रस्ता असेल तर लेनमधल्या लेनमध्ये हळूच थोडं डावीकडं-उजवीकडं व्हा, झिगझॅग नाही, हातभर. सरळ समोरनं येणारा दिवा मागच्या पेट्रोलपंपाच्या दिव्यांत स्थिर दिसतो, जरा आडवा हलला की सुटा होतो आणि नजर तिकडं जाते. ओला रस्ता असेल तर नको.

बसवून झालं की मित्राला तुमची गाडी आणि तुमचंच जॅकेट-सॅक देऊन चारशे मीटर लांब पाठवा आणि तुम्ही त्या टेम्पोवाल्याच्या जागी, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी, सुरक्षित उभं राहून बघा. एकदा येताना, एकदा जाताना, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री. जाताना मित्राला दोनदा ब्रेक मारायला सांगा. आणि लेगगार्ड नवीन टाकणार असाल तर दिव्यांच्या आधी टाका, लोक दिवे आधी फोर्कला बसवून घेतात, मग लेगगार्ड आणतात, आणि क्लॅम्प सगळे परत काढायला लागतात, त्याची मजुरी मी वेगळी घेतो.